स्काउट मास्टर, गाइड कॅप्टन व्हायचंय? सीमाभागातल्या मराठी स्वयंसेवकांसाठी अर्ज, कागदपत्रं आणि युनिफॉर्मचे नियम

जूनमध्ये शाळा उघडल्या की मला फोन यायला लागतात. कधी खानापूरहून, कधी निपाणीहून, कधी इथल्याच, बेळगावजवळच्या येळ्ळूर-कडोलीहून. "सर, स्काउट मास्टर व्हायचं तर काय काय लागतं?" मी कागदपत्रं सांगतो, समोरचा लिहून घेतो. मग थोडा वेळ शांतता. आणि आवाज खाली आणून दुसरा प्रश्न, "आणि सर, एक नोव्हेंबरला कसं करायचं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात मिळतं. दुसऱ्याचं कुठल्याच फॉर्मवर नसतं, कारण एक नोव्हेंबर हा सरकारचा कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिन. म्हणून दोन्ही एकदाच लिहून काढतोय, म्हणजे फोनवर तेच तेच सांगायला नको.

स्काउट मास्टर म्हणजे मुलांच्या स्काउट पथकाचा प्रमुख, गाइड कॅप्टन म्हणजे मुलींच्या पथकाची. आधी हे समजून घ्या की काम बिनपगारी आहे. मानधनही नाही. शिक्षक असाल तर कोर्सच्या दिवसांची ओओडी (म्हणजे ड्युटीवर असल्याची नोंद) मिळते, बाकी पेट्रोल तुमचं, शिट्टी तुमची. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली, १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची गाइड चळवळ तिच्यात सामील झाली. ती स्वतःची ओळख ऐच्छिक, अराजकीय, शैक्षणिक चळवळ अशी करून देते. तीन शब्दांतला मधला शब्द आपल्या भागात सगळ्यात जड.

कोणाला होता येतं

वय १८ पूर्ण हवं. रोव्हर-रेंजर विभागातली मुलंच २५ पर्यंतची असतात, तेव्हा तिथल्या लीडरचं वय साहजिकच जास्त लागतं. शिक्षण निदान एसएसएलसी, म्हणजे दहावी. शिक्षक असलंच पाहिजे असं नाही. शाळेचं पथक असेल तर बहुधा शिक्षकच असतो, पण गल्लीत किंवा गावात मुक्त पथकही काढता येतं, आणि तिथे बँकेतला कारकून, फाउंड्रीतला कामगार, कॉलेज संपवून बसलेला मुलगा, कुणीही चालतो. मुलींच्या गाइड कंपनीला कॅप्टन मात्र बाईच हवी. लहान मुलांच्या कब पॅकला पुरुष किंवा बाई, कुणीही चालतं.

मुलं किती, हेही आधी पाहा. स्काउट ट्रूपमध्ये, म्हणजे पथकात, जास्तीत जास्त ३२, कब पॅकमध्ये २४. सहा ते आठ मुलांची एक पॅट्रोल. दरवर्षी कुणीतरी उत्साहात साठ मुलांची यादी घेऊन येतो, आणि त्याला दोन ट्रूप, दोन लीडर असं समजावून परत पाठवावं लागतं.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

यादी लांब नाही. दहावीची मार्क्सकार्ड (जन्मतारीख आणि शिक्षण दोन्ही त्यातच आलं), आधार, पासपोर्ट साइझ फोटो, शाळेचं पथक असेल तर हेडमास्तरांचं पत्र, मुक्त पथक असेल तर ग्रुप कमिटीचा ठराव, आणि नोकरीत असाल तर वरिष्ठांची परवानगी. रक्तगटाची चिठ्ठी जोडा. कोणी मागत नाही, पण कॅम्पमध्ये कामाला येते.

अडतं ते नावावर. एसएसएलसीवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, आणि पॅन कार्डावर वडिलांच्या नावाचं नुसतं इनिशियल. त्यात कन्नड लिपीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदललेलं. गेल्या वर्षी एका पोराचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे होतं. "सर, मी एकच आहे हो," म्हणून हसत होता, पण कोर्सचं सर्टिफिकेट चुकीच्या नावानं छापून आल्यावर हसू गेलं. तेव्हा आधी आधार एसएसएलसीप्रमाणे करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं नोटरीचं अफिडेव्हिट जोडा. फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतो. कन्नड येत नसेल तर इंग्रजी फॉर्म मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. पण सही सगळीकडे एकच ठेवा, मराठीत करत असाल तर सगळीकडे मराठीत.

पोलिसांचा दाखला हल्ली शाळा आणि पालक मागतात. मुलांशी काम करणाऱ्या माणसाकडे तो मागावाच, या मताचा मी आहे. मागितला नाही तरी काढून ठेवा. सेवासिंधू या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, स्वतः जमत नसेल तर ग्राम वन किंवा कर्नाटक वन केंद्रात.

आता इथे आपल्याकडची एक खास अडचण. काळ्या दिनाच्या फेरीत किंवा एखाद्या मोर्चात गेल्यामुळे अनेक मराठी पोरांवर केस आहे. कधी विनापरवाना जमाव, कधी घोषणाबाजी. दाखल्यात ते उमटू शकतं. असं असेल तर लपवू नका. फॉर्मवर 'गुन्हा नाही' लिहून नंतर उघडं पडलं तर प्रश्न केसचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो. केस नंबर, सध्याची स्थिती, सुटका झाली असेल तर निकालाची प्रत, एवढं पाकिटात घाला आणि जिल्हा सेक्रेटरींना तोंडीही सांगा. गुन्हा दाखल होणं आणि शिक्षा होणं यातला फरक समजणारी माणसं तिथे बसलेली असतात. निदान माझा अनुभव तरी तसा आहे.

अर्ज कुठे आणि पुढे काय

शिक्षण खात्याच्या हिशेबात बेळगाव जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती हा भाग बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी हा भाग चिक्कोडीत. निपाणीचा माणूस बेळगावला येऊन दिवस घालवतो आणि त्याला परत पाठवलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शाळेचं पथक असेल तर आधी हेडमास्तर, मग तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, मग आपल्या भागातली स्काउट्स-गाइड्सची जिल्हा असोसिएशन, या क्रमानं जा. मुक्त पथकानं थेट असोसिएशनकडे जावं. पथकाची नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते. पैसे भरलेत तर पावती घ्या, आणि ती फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या वर्षी तीच मागतात.

नोंदणीनंतर कोर्स. बेसिक सात दिवसांचा, निवासी. मग अ‍ॅडव्हान्स्ड, तोही सात दिवस. त्यानंतर हिमालय वुड बॅज, हा लीडरच्या प्रशिक्षणाचा वरचा टप्पा, ज्याचे दोन लाकडी मणी गळ्यात आले की माणूस आयुष्यभर ते मणी चाचपत बोलतो. राज्याची मोठी शिबिरं दोड्डबळ्ळापूर किंवा दावणगेरे जिल्ह्यातल्या कोंडज्जीला होतात, मध्य प्रदेशात पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. आमच्याकडे कवायतीच्या आज्ञा बहुधा हिंदीत, सावधान, विश्राम. त्यामुळे मैदानावर तरी कन्नड की मराठी हा वाद उभा राहत नाही. बेसिक झाला आणि शिफारस झाली की वॉरंट मिळतं. वॉरंट म्हणजे या मुलांचा प्रमुख म्हणून काम करण्याची लेखी नेमणूक. त्यावर सही करताना तुम्ही संस्थेचे नियम पाळण्याचं कबूल करता, आणि बहुतेक जण ते न वाचताच सही करतात.

युनिफॉर्म आणि मत

स्काउटरचा (स्काउट लीडरचा) करडा शर्ट आणि गडद निळी पँट, गाइडरचा (गाइड लीडरचा) निळ्या छटेचा वेश, ग्रुपचा स्कार्फ, तो अडकवायचं वॉगल, बॅज. यात स्वतःच्या मनानं काही घालायचं नाही आणि काही काढायचं नाही. काळी फीत नाही, भगवा फेटा नाही, लाल-पिवळी पट्टी नाही, कोणाचा फोटो असलेला बिल्ला नाही. शीख लीडरला पगडी चालते, तो नियमातच भाग आहे.

मत ठेवायला मनाई नाही, हे पहिल्यांदा नीट ऐका. तुम्ही एकीकरण समितीचे असा, काँग्रेसचे असा, भाजपचे असा, कन्नड संघटनेत असा, मतदान करा, वाद घाला, वर्गणी द्या. मनाई आहे ती एकाच गोष्टीला, आणि तो नियम स्काउट चळवळीत तिचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या काळापासून आहे. युनिफॉर्ममध्ये, किंवा संस्थेचा प्रतिनिधी म्हणून, राजकीय सभेत वा कार्यक्रमात भाग घ्यायचा नाही. साध्या कपड्यात, स्वतःच्या नावानं तुम्ही कुठे जाता हे स्काउट मास्टर म्हणून कोणी विचारू नये.

गंमत अशी की ही चळवळ भारतात आली तीच राजकारणाच्या सावलीत. १९०९ साली बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत पहिलं पथक निघालं, पण भारतीय मुलांना आत घेत नव्हते. सरकारला भीती की या कवायतीतून क्रांतिकारक तयार होतील. मग अ‍ॅनी बेझंटबाईंनी मद्रासकडे भारतीय मुलांची वेगळी संघटना काढली. तेव्हा 'राजकारण नको' म्हणणाऱ्यांना राजकारण कळत नव्हतं असं कोणी समजू नये.

आता एक नोव्हेंबर. १९५६ पासून हा दिवस सरकार राज्योत्सव म्हणून साजरा करतं आणि मराठी माणूस काळा दिन म्हणून पाळतो. जिल्हा क्रीडांगणावर ध्वजवंदन आणि पथसंचलन असतं, स्काउट-गाइडच्या तुकड्यांना बोलावणं येतं. त्याच सकाळी निषेधाची सायकल फेरी. घरात वडील काळे कपडे घालून निघालेले आणि मुलगा इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये, हे दृश्य आपल्याकडे नवं नाही.

माझं मत विचाराल तर असं. संचलन हा सरकारी कार्यक्रम आहे, पक्षाचा नाही, त्यामुळे युनिफॉर्ममध्ये जाण्यानं नियम मोडत नाही. मुलगा जाणार की नाही हे पालकांनी ठरवावं. त्यांची लेखी संमती आधी घ्या, न येणाऱ्याला वर्गात टोमणे मारू नका. तुम्हाला स्वतःला फेरीत जायचं असेल तर दसऱ्याच्या सुमाराला असिस्टंटला सांगून ठेवा, त्या दिवशी पथक त्याच्याकडे. आदल्या रात्री 'तब्येत बरी नाही' असा मेसेज टाकणं मला पटत नाही. आणि पथकातल्या पोरांना फेरीला घेऊन जायचं नाही, साध्या कपड्यातसुद्धा नाही. दहा-बारा वर्षांचं पोर तुमच्या सांगण्यावरून येतं, स्वतःच्या मतानं नाही.

चुका बहुतेक एक नोव्हेंबरला होत नाहीत, त्या दिवशी सगळे सावध असतात. होतात त्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आणि गणेशोत्सवात. आमच्याकडचा एक तरुण लीडर गर्दी आवरायला युनिफॉर्ममध्ये उभा होता. काम चांगलं चाललेलं. मंडळाच्या कार्यकर्त्यानं पाणी दिलं, गळ्यात भगवा शेला टाकला, याला नाही म्हणवेना. मागे कमान, कमानीवर निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या एकाचा हात जोडलेला फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. तक्रार झाली, लेखी खुलासा द्यावा लागला. तो म्हणाला, "सर, मी काय केलं?" खरं तर काहीच केलं नव्हतं, पण फोटोत ते दिसत नाही. मिरवणुकीत सेवा करायची तर जरूर करा. कमानीपासून दूर, चौकाच्या तोंडाशी उभे राहा, आणि शेला कोणी टाकलाच तर घडी करून पिशवीत घाला.

पुढाऱ्याच्या स्वागताला बँड मागतात तेव्हा पत्र पाहा. जिल्हा प्रशासनाचं किंवा शाळेचं लेटरहेड असेल तर प्रश्न नाही. पक्षाचं असेल तर नम्रपणे नाही. लेटरहेडच नसेल, नुसता फोन असेल, तर पत्र मागा. बहुतेक वेळा ते येतच नाही. ध्वजवंदनापुरतं बोलावलं असेल तर सलामी देऊन तुकडी मैदानाबाहेर आणा, भाषणाला मुलांना व्यासपीठामागे उभं करू नका.

सरकारी शिक्षकांना आणखी एक कायदा आहे. कर्नाटक राज्य नागरी सेवा (वर्तणूक) नियम २०२१ प्रमाणे त्यांना पक्षाच्या कामात भागच घेता येत नाही, मग कपडे कुठलेही असोत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३४अ प्रमाणे सरकारी नोकर उमेदवाराचा पोलिंग किंवा काउंटिंग एजंट झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी माणसाला हे लागू नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षचिन्हावर होत नाही, म्हणून काही जण म्हणतात लीडरनं उभं राहिलं तर काय झालं. उभे राहा, पण अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत पथक दुसऱ्याकडे द्या आणि तसं जिल्ह्याला लेखी कळवा. पोस्टरवर युनिफॉर्ममधला फोटो टाकला तर माझ्याकडे सल्ल्याला येऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. डीपी स्काउटचा आणि स्टेटस उमेदवाराचं, हे रोज दिसतं. दोन्हीपैकी एक बदला. पालकांच्या ग्रुपवर सीमाप्रश्न, पक्ष, कोर्टाची तारीख, यातलं काही फॉरवर्ड करू नका. त्या ग्रुपमध्ये कन्नड घरातली मुलंही आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांनी ती तुमच्या भरवशावर कॅम्पला पाठवलेली असतात.

एक नोव्हेंबरनंतर सहाव्या दिवशी, ७ तारखेला, स्काउट-गाइडचा ध्वजदिन येतो. स्टिकर विकून निधी जमा करायचा असतो. त्या दिवशी पूर्ण युनिफॉर्म, पावतीपुस्तक आणि प्रत्येक चार मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. खडेबाजारात दुकानादुकानातून फिरा, पक्षांची ऑफिसं वगळा, आणि संध्याकाळी हिशेब मुलांसमोरच मोजा. पावतीपुस्तकं असोसिएशनकडून ऑक्टोबरातच घेऊन ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद सापडतं.