ट्रॅक्टर चालू होईना? आधी सायलेन्सरकडे बघा

सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही. वावरात जमलेली मंडळी लगेच नोझल खोलायचा सल्ला देतात. पाना हातात घेण्याआधी एवढंच बघा: सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतोय का?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला 16 ते 18 पट दाबतो, हवा 500 अंशांच्या पुढे तापते आणि नोझलमधून उडालेलं डिझेल त्यात आपोआप पेटतं. पांढरा धूर दिसला तर तो बहुतेक न जळलेल्या डिझेलची वाफ असते. म्हणजे डिझेल पोचतंय, उष्णता कमी पडतेय. धूरच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत गेलेलंच नाही.

विदर्भात थंडीत पहाटेचा पारा कधी कधी 10 अंशांखाली जातो. कापसाची ट्रॉली जिनिंगवर न्यायची घाई असते आणि इंजिन नुसतं रेंगाळत फिरतं. गारठ्यात ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर घटतो. इंजिन हळू फिरलं की दाबलेल्या हवेची उष्णता थंड भिंतींतच मुरते. ‘हॉर्न तर खणखणीत वाजतोय, बॅटरी चांगलीच आहे’ हे ऐकून मात्र फसू नका. सेल्फ 200 अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढून फक्त 0.02 ओहम अडथळा झाला, तरी 12 पैकी 4 व्होल्ट तिथेच जातात. हॉर्नला 5 अँपिअर लागले तर त्याच बुरशीत 0.1 व्होल्टच हरवतो, म्हणून तो बिनतक्रार वाजतो. टर्मिनल घासून आवळणं हा फुकटातला उपाय आहे. हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरायचा प्रकार तेवढा सोडा. त्यात हातही भाजतो, इंजिनही फुटू शकतं.

धूर अजिबात नसेल तर आधी स्टॉपरची, म्हणजे इंजिन बंद करायची, दांडी बघा. ती ओढलेलीच राहिली, हे फार वेळा निघतं. त्यानंतर टाकी. डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला असेल तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही, कारण लाइननं एअर घेतलेला असतो. जुन्या पद्धतीच्या नोझलला उघडायला साधारण 200 बार दाब लागतो. डिझेल जवळपास दबतच नाही, म्हणून पंपाचा धक्का थेट नोझलला बसतो. मधे हवेचा बुडबुडा असला की तोच आकसतो, पुन्हा फुगतो, आणि नोझल बंदच राहतो. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. फेस थांबून निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. मग इंजेक्शन पंपाचाही तसाच. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मधे थांबा.

डिझेलच्या अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये रात्रीच्या गारव्यानं दमट हवेतलं पाणी सुटतं. ते डिझेलपेक्षा जड, तळाशी बसतं. म्हणून ड्रमच्या तळाचं डिझेल टाकीत ओतू नये.

चालू होऊन थोड्या वेळानं बंद पडणारा ट्रॅक्टर वेगळा. टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज होऊन तो पुन्हा चालला, तर झाकणाचं हवेचं छिद्र मातीनं बुजलंय. सुईनं मोकळं करा.

कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) असेल तर नोझलच्या पाइपला पाना लावू नका. तिथला दाब 1000 बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. ते काम मिस्त्रीचं.