लहान दुर्बिणीतून ग्रह-उपग्रह निरीक्षण (नाशिक परिसर)

साधारण ६० ते २०० मिमी. व्यासाच्या दुर्बिणीने अंगणातून, गच्चीवरून किंवा शेतातून ग्रह व त्यांचे उपग्रह पाहण्याचा आणि त्यांच्या नोंदी ठेवण्याचा हौशी आकाशनिरीक्षकांचा उपक्रम. तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी काळोखे आकाश लागते. ग्रहांसाठी स्थिर हवा लागते. शुक्र, गुरू, मंगळ आणि शनी शहराच्या उजेडातही ठळक दिसतात. त्यामुळे सिडको, इंदिरानगर किंवा पंचवटीतल्या घराच्या आवारातून गुरूचे पट्टे जेवढे दिसतात, जवळपास तेवढेच त्र्यंबकेश्वराच्या बाजूला किंवा दिंडोरीच्या मळ्यातून दिसतात.

उगम व वाद : दुर्बिणीचा पहिला निर्विवाद लेखी पुरावा हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने २ ऑक्टोबर १६०८ च्या सुमारास हेग येथे केलेल्या मक्तेदारीच्या अर्जाचा आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच याकोब मेटियस यानेही तसाच दावा केला आणि ही युक्ती अनेकांना ठाऊक असल्याच्या कारणावरून कोणालाच मक्तेदारी मिळाली नाही. झकारियास यान्सेन याचे नाव पुढे आले ते बऱ्याच उशिरा, १६५५ च्या सुमारास त्याच्या मुलाने दिलेल्या साक्षीवरून. त्यामुळे त्यावर फारसा भर देता येत नाही.

गुरूच्या उपग्रहांबाबतचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. गॅलिलिओने पादुआ येथे सुमारे वीसपट विशालनाच्या दुर्बिणीतून ७ जानेवारी १६१० रोजी गुरूजवळ तीन ‘तारे’ पाहिले आणि चौथा १३ जानेवारीला नोंदवला. जर्मन ज्योतिर्विद सिमोन मारिउस याने १६१४ मध्ये लिहिले की, आपली पहिली नोंद २९ डिसेंबर १६०९ ची आहे. वरवर पाहता ती आधीची वाटते. पण प्रॉटेस्टंट प्रदेशातला मारिउस जुने ज्युलियन पंचांग वापरत होता. नव्या ग्रेगोरियन पंचांगानुसार ती तारीख ८ जानेवारी १६१० येते, म्हणजे गॅलिलिओनंतर एक दिवस. गॅलिलिओने १६२३ मध्ये त्याच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप केला. मारिउसची उपग्रहांच्या गतीची कोष्टके स्वतंत्र निरीक्षणांवर बेतलेली आणि काही बाबतींत अधिक काटेकोर असल्याचे पुढच्या अभ्यासकांना आढळले. त्यामुळे अग्रक्रम गॅलिलिओचा, पण मारिउसचे काम स्वतंत्र, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो ही नावे मारिउसमार्फतच रूढ झाली. ती केप्लरने सुचवल्याचे तो सांगतो.

चिनी ज्योतिर्विद गान दे याने इ.स.पू. चौथ्या शतकात गुरूलगतचा एक लालसर तारा नुसत्या डोळ्यांनी पाहिला आणि तो उपग्रहच असावा, असे प्रतिपादन १९८१ मध्ये झाले. प्रतियुतीच्या वेळी (ग्रह आकाशात सूर्याच्या समोरासमोर असताना) गॅनिमीडची प्रत (तेजाचा आकडा; लहान आकडा म्हणजे जास्त तेज) ४·६ असते आणि तो गुरूपासून जास्तीत जास्त सुमारे ६ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जातो. तेज आणि अंतर दोन्ही डोळ्याच्या आवाक्यात आहेत. अडचण गुरूच्या झगमगाटाची आहे. हे प्रतिपादन अशक्य नाही, पण सिद्धही नाही.

भारतात जेरेमाया शॅकर्ली याने १६५१ मध्ये सुरतेहून बुधाचे अधिक्रमण (सूर्यबिंबावरून जाणे) पाहिले. १६८९ मध्ये झाँ रिशो या जेझुइट धर्मगुरूला पाँडिचेरीत दुर्बिणीतून ‘मित्र’ (आल्फा सेंटॉरी) हा तारा जोडतारा असल्याचे दिसले. सवाई जयसिंह यांच्या वेधशाळा नुसत्या डोळ्यांनी वेध घेण्यासाठी होत्या; मात्र त्यांच्या ‘झीज-इ-मुहंमदशाही’ या ग्रहगणिताच्या ग्रंथात गुरूचे चार उपग्रह, शुक्राच्या कला आणि शनीचा लंबगोल आकार दुर्बिणीतून दिसल्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात पुण्याला कावसजी नायगमवाला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीस इंची परावर्ती (भिंगाऐवजी आरशाच्या) दुर्बिणीची वेधशाळा चालवली. हौशी चळवळीला संस्थारूप आले ते १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाल्यावर. नाशिकला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण तारांगण आहे.

नाशिकचे स्थान : शहराचे अक्षांश सुमारे २०° उ. व रेखांश ७३·८° पू. आहेत. क्रांतिवृत्त (सूर्य व ग्रह ज्या पट्ट्यातून फिरताना दिसतात तो मार्ग) येथे डोक्यावरून जाते, हा मोठा फायदा आहे. ग्रह दक्षिणेकडे सर्वांत दूर, २३° दक्षिण क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्ताच्या २३° दक्षिणेला) असला, तरी मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) तो ४७° उंचीवर येतो. लंडनमध्ये तोच ग्रह १५° वर अडकतो. क्षितिजापासून ३०° च्या खाली हवेचा थर जाड होतो, ग्रहाची एक कड लाल व दुसरी निळी दिसते आणि तपशील पुसला जातो. ही अडचण नाशिककराला फक्त उगवत्या-मावळत्या ग्रहाबाबत येते.

भारतीय प्रमाणवेळ ८२·५° पूर्व रेखांशाची असल्याने नाशिकची स्थानिक वेळ सुमारे ३५ मिनिटे मागे असते. प्रतियुतीला ग्रह मध्यमंडलावर येतो तो रात्री बाराला नव्हे, तर साधारण १२.३५ च्या आसपास.

सिंहस्थ आणि गुरू : ज्या ग्रहाच्या राशीवरून नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ ठरतो, तो गुरू मुख्य पर्वस्नानांच्या दिवसांत बहुधा दिसत नाही. श्रावण-भाद्रपदात सूर्यही सिंहेत असतो, म्हणजे गुरू सूर्याजवळ येऊन त्याचा अस्त झालेला असतो. २०१५ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस असेच झाले आणि ऑगस्ट २०२७ च्या अखेरीसही गुरू-सूर्य युती आहे. सिंह राशीतला गुरू दुर्बिणीतून पाहायचा तर प्रतियुतीचा काळ धरावा. ती मार्च २०२८ मध्ये येते. तेव्हा तो रात्रभर आकाशात असतो.

दुर्बिणीची निवड : विशालन म्हणजे वस्तुभिंगाचे (पुढच्या मोठ्या भिंगाचे) नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे (डोळ्याजवळच्या भिंगाचे) नाभीय अंतर. ७०/७०० (व्यास/नाभीय अंतर, मिमी.त) या सहज मिळणाऱ्या दुर्बिणीला २५ मिमी. नेत्रिका लावली की २८ पट आणि १० मिमी. लावली की ७० पट मिळते. उपयुक्त विशालनाची कमाल मर्यादा दर मिमी. व्यासामागे दोन पट, म्हणजे येथे १४०. खोक्यावरचा ‘५२५ पट’ हा आकडा ४ मिमी. नेत्रिका आणि तीनपट बार्लो भिंग (विशालन वाढवणारे जोडभिंग) यांचा गुणाकार आहे. इतक्या विशालनात ग्रह अंधुक, लोळागोळा दिसतो आणि स्टँडला श्वास लागला तरी तो दृष्टिक्षेत्राबाहेर जातो. नव्या माणसाची निराशा होते ती बहुतेक इथेच. बरोबर आलेल्या ४ मिमी. नेत्रिकेऐवजी ८ किंवा १० मिमी.ची बऱ्यापैकी प्लॉसल प्रकारची नेत्रिका घेणे हा सर्वांत स्वस्त सुधार आहे.

परावर्ती दुर्बीण घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. नळीची लांबी नाभीय अंतराच्या निम्मीच असेल (उदा. ११४/१००० लिहिलेली, पण नळी अर्ध्या मीटरची), तर नेत्रिकेच्या नळकांड्यात एक दुरुस्तीचे भिंग बसवलेले असते. अशा दुर्बिणीचे संरेखन (आरसे एका रेषेत जुळवणे) अवघड जाते आणि प्रतिमा क्वचितच धारदार मिळते. दुसरी गोष्ट आरशाच्या आकाराची. ११४/९०० मध्ये गोलीय आरसा चालतो, कारण त्या प्रमाणात गोल व अन्वस्त (पॅराबोला) यांतला फरक प्रकाशाच्या पाव तरंगलांबीत बसतो. १५०/१२०० मध्ये तो काठावर असतो. १३०/६५० मध्ये गोलीय आरसा ग्रहांसाठी निरुपयोगी. तेथे अन्वस्त आरसाच हवा. स्वतः आरसा घासणाऱ्यांसाठी १५०/१२०० हे माप म्हणूनच जुने आणि भरवशाचे आहे. त्यात मध्यभागी सुमारे १·१७ मिमी. खोली घासावी लागते; कार्बोरंडमची घासायची पूड ८० नंबरपासून क्रमाने बारीक करत नेऊन शेवटी डांबराच्या पॅडवर सिरियम ऑक्साइडने झिलई देतात. एका नंबरची पूड दुसऱ्यात मिसळली की ओरखडे उठतात आणि मागच्या टप्प्यावर परतावे लागते.

बैठक : डॉबसन पद्धतीची (वर-खाली व गोल फिरणारी) लाकडी बैठक स्वस्त व भक्कम असते. ती हाताने सरकवावी लागते: १२० पट विशालनात, ५०° क्षेत्राच्या नेत्रिकेत ग्रह सुमारे १०० सेकंदांत एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातो. ग्रह डोक्यावर असताना ही बैठक अडते. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला मिथुनेतला गुरू नाशिकच्या खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम दोन-तीन अंशांवरून गेला. अशा वेळी तासभर आधी किंवा नंतर पाहणे सोयीचे. विषुववृत्तीय बैठकीचा ध्रुवअक्ष (ध्रुवताऱ्याकडे रोखायचा अक्ष) येथे २०° वर ठेवावा लागतो आणि तेवढ्या कमी कोनात प्रतिभाराचा (दुर्बिणीला तोलणाऱ्या वजनाचा) दांडा स्टँडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. स्टँड फिरवून दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला आणली की तो सुटतो. परदेशी पुस्तिकांत हे सहसा सापडत नाही.

हवा व जागा : चांगली दुर्बीण वाईट दिसते त्याचे नाशिकमधले पहिले कारण सिमेंटचा स्लॅब. दिवसभर तापलेली गच्ची रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडते आणि गुरूची कड उकळत्या पाण्यासारखी हलते. माती किंवा गवताचे अंगण बरे. गच्चीच वापरायची असेल तर उत्तररात्र धरावी. शेजारच्या एसीचा बाहेरचा पंखा, स्वयंपाकघराची चिमणी आणि जुन्या वाड्यांत पहाटे पेटणारा बंब ग्रहाच्या रेषेत नसावा. दुर्बीण बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत घरात बावीस आणि बाहेर दहा-बारा अंश असताना १५० मिमी.च्या जाड आरशाला तासभर लागतो, ७० मिमी.च्या भिंगाला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. तोवर विशालन कितीही बदलले, तरी प्रतिमा फुगलेलीच राहते.

ऋतूंचा हिशेब असा: जून ते सप्टेंबर आकाश जवळपास बंद, इगतपुरी-त्र्यंबककडे अधिक, सिन्नर-येवल्याकडे थोडे कमी. ऑक्टोबरात हवा धुतलेली, पण दव फार. गोदाकाठी व गंगापूर धरणालगत शोधक दुर्बीण (मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी) तासाभरात ओली होते. काळ्या फोमच्या शीटची, व्यासाच्या दीडपट लांब नळी पुढे लावली की दव लांबते. कडाक्याच्या थंडीत आकाश स्वच्छ, पण वरच्या थरांतल्या वेगवान वाऱ्यामुळे काही रात्री प्रतिमा सतत थरथरते. शिवाय निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत थंडीपासून घड वाचवायला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर खाली पसरतो. मार्च-एप्रिलची धुरकट, निस्तेज वाटणारी रात्र ग्रहांसाठी पुष्कळदा सर्वांत चांगली निघते, कारण धूळ ग्रहाचे तेज कमी करते, तपशील नव्हे. ताऱ्यांचे लुकलुकणे कमी असले की दुर्बीण बाहेर काढावी.

पद्धत : शोधक दुर्बीण दिवसाउजेडी जुळवावी, पांडवलेण्याच्या डोंगराचा माथा किंवा दूरचा मोबाइल मनोरा मुख्य दुर्बिणीच्या मध्यावर आणून शोधकाची फुली त्यावर बसवावी. सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नये. नेत्रिकेत बसवायची काळी ‘सूर्यकाच’ उष्णतेने तडकते, ती टाकूनच द्यावी. परावर्ती दुर्बिणीचे संरेखन ताऱ्यावर तपासतात: तारा किंचित अस्पष्ट केल्यावर वर्तुळे समकेंद्री दिसली पाहिजेत. ध्रुवतारा जागचा हलत नसल्याने डॉबसनवाल्यांना सोयीचा. आधी २५ मिमी. नेत्रिकेने ग्रह मध्यावर आणावा, मगच १० मिमी. लावावी आणि निदान दहा मिनिटे डोळा हलवू नये. हवा क्षणभर थांबते तेव्हाच बारीक तपशील उमटतो. दिशा ओळखायला दुर्बीण स्थिर सोडावी. ग्रह ज्या कडेने बाहेर पडतो ती पश्चिम. नोंदीची वेळ जागतिक वेळेत द्यायची तर प्रमाणवेळेतून ५ तास ३० मिनिटे वजा करतात.

गुरू : प्रतियुतीला व्यास ४४ ते ५० विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), सुमारे ४० पटीत तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो. ६० मिमी.त दोन मुख्य पट्टे व ध्रुवांकडचा चपटेपणा, १०० ते १५० मिमी.त तांबडा डाग. ग्रह ९ तास ५५ मिनिटांत फिरत असल्याने अर्ध्या तासात डाग सरकलेला कळतो. आयो १·७७, युरोपा ३·५५, गॅनिमीड ७·१५ व कॅलिस्टो १६·६९ दिवसांत फेरी मारतात. उपग्रहांची सावली गुरूच्या बिंबावरून जाताना ८० ते १०० मिमी.त काळ्या ठिपक्यासारखी दिसते. उपग्रह स्वतः मात्र बिंबावर बहुधा हरवतो. प्रतियुतीपूर्वी उपग्रह ग्रहाच्या पश्चिमेला, बिंबापासून दूर असतानाच सावलीत विझतात. प्रतियुतीनंतर पूर्वेला उजळतात. आयो विझायला सुमारे साडेतीन मिनिटे आणि गॅनिमीडला आठच्या आसपास लागतात, म्हणून ‘शेवटचा दिसला तो क्षण’ नोंदवतात. याच वेळांतल्या मागे-पुढे होण्यावरून ओले रोमर याने १६७६ मध्ये प्रकाशाला वेग असतो हे दाखवले. उपग्रहांनी एकमेकांना झाकण्याचा हंगाम साधारण सहा वर्षांनी येतो. सध्याचा २०२६-२७ चा. २०३१ ते २०३३ या तीन वर्षांत गुरूच्या प्रतियुत्या जून ते ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात पडतील; तेव्हा पावसाळ्यानंतरच्या संध्याकाळीच काय ते पाहता येईल.

शनी : २५ पटीत लंबगोल, ५० पटीत वलय सुटे. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी वलयाच्या प्रतलातून (सपाटीतून) गेली. आता कल वाढत असून २०३२ च्या सुमारास तो कमाल, सुमारे २७° होईल. वलयातली कॅसिनीची फट टोकांजवळ सुमारे ०·७ विकला रुंद. कल पुरेसा असताना १०० मिमी.त दिसते. टायटन हा उपग्रह (प्रत ८·४) ६० मिमी.तही दिसतो, तो वलयाच्या व्यासाच्या साडेचार पट अंतरापर्यंत जातो आणि सोळा दिवसांत फेरी पुरी करतो. ऱ्हियाला १०० मिमी. पुरते. आयापेटस शनीच्या पश्चिमेला असताना दहाव्या प्रतीचा, पूर्वेला गेला की जवळपास बाराव्या. २०२६ ते २०३० या काळात शनीच्या प्रतियुत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात; नाशिकच्या आकाशाला याहून सोयीचा काळ नाही.

इतर : मंगळाची प्रतियुती सरासरी ७८० दिवसांनी. फेब्रुवारी २०२७ मध्ये बिंब १४ विकलांच्या आत राहील. सप्टेंबर २०३५ मध्ये ते सुमारे २५ विकला होईल, पण पावसाळा संपलेला नसेल. फोबॉस व डीमॉस हे मंगळाचे उपग्रह त्याच्या झगमगाटात लहान दुर्बिणीला सापडत नाहीत. शुक्राच्या कला सूर्यास्तानंतर लगेच, आकाश उजळ असतानाच पाहाव्यात. अंधारात त्याचा उजेड डोळे दिपवतो. युरेनस (३·७ विकला) व नेपच्यून (२·३ विकला) नकाशाच्या मदतीने सापडतात व बिंब असल्याचे जाणवते, इतकेच.

जतन : पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. नेत्रिका सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. जेलचा रंग बदलला की भाजून परत वापरता येते. दवाने ओली झालेली दुर्बीण झाकण लावून कपाटात ठेवू नये, आधी उघडी वाळवावी. आरशावरची थोडी धूळ प्रतिमेला बाधत नाही, पुसण्याने पडणारे चरे बाधतात.