केस कापायचे आणि ‘बॉब’ व्हायचं

पुढे सॉफ्टबॉलमध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारी अमेरिकेची डॉट रिचर्डसन तेव्हा दहा वर्षांची होती, फ्लोरिडात भावाला चेंडू फेकून सराव देत होती. तिचा हात पाहून लिटल लीग या लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेतल्या एका संघाच्या प्रशिक्षकाने तिला खेळायला बोलावलं. अट एवढीच, की केस बारीक कापायचे आणि कुणी विचारलं तर नाव ‘बॉब’ सांगायचं. तिने नकार दिला.

त्या प्रशिक्षकाच्या मनात वाईट काही नसावं. त्याला खेळाडू हवा होता आणि मुलींना न घेण्याचा नियम आडवा येत होता. त्या नियमाची कुळकथा मजेशीर आहे. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावात कॅथरिन जॉन्स्टन नावाच्या मुलीने वेण्या कापल्या, ‘टबी’ हे नाव घेतलं आणि लिटल लीगच्या संघात जागा मिळवली. पुढे तिने स्वतःच खरं सांगितलं, तरी संघाने तिला ठेवून घेतलं. मात्र दुसऱ्याच वर्षी मुलींना बंदी आली. ती १९७४ पर्यंत टिकली.

लहानपणी छळ सोसून पुढे आलेल्या सॉफ्टबॉलपटूंच्या कहाण्या वाचताना हे ध्यानात ठेवावं. शाळकरी छळाचा पद्धतशीर अभ्यास १९७०च्या दशकात स्कँडिनेव्हियात डॅन ओल्वेयस यांनी सुरू केला. त्यांच्या व्याख्येत तीन गोष्टी येतात: हेतुपुरस्सर त्रास, तो पुन्हा पुन्हा देणं आणि दोन बाजूंच्या ताकदीतली तफावत. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दांडगट, बाप्या म्हणून एखाद्या मुलीला चिडवणारी पोरं एकटी नव्हती. नियमपुस्तकही त्यांच्याच बाजूने बोलत होतं.

बेसबॉलचाच धाकटा भाऊ असलेला सॉफ्टबॉल मात्र मुलींसाठी जन्मला नव्हता. १८८७ मध्ये शिकागोतल्या एका बोट क्लबात रिकामटेकड्या पुरुषांनी गुंडाळून बांधलेला बॉक्सिंगचा हातमोजा झाडूच्या दांड्याने टोलवला, तिथून सगळं सुरू झालं. ‘सॉफ्ट’ हे नावही फसवंच. आजचा चेंडू बारा इंच घेराचा आणि चांगला कडक असतो. वरच्या दर्जाच्या महिला सामन्यात गोलंदाज ४३ फुटांवर उभी असते, हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवते आणि मनगट मांडीजवळून जाताना चेंडू सोडते. तो अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत पोचतो. वर्गात ज्या उंचीवरून, ज्या रुंद खांद्यांवरून टोमणे बसतात, ते सगळं इथे कामी येतं.

म्हणून ‘ती जिद्दीने लढली’ एवढ्यावर अशी गोष्ट संपवणं मला पटत नाही. जिद्द हवीच, पण जायला दुसरं मैदानही लागतं. रिचर्डसनला ते लगेच मिळालं: दहाव्या वर्षीच ती मोठ्या बायकांच्या सॉफ्टबॉल संघात खेळू लागली. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली आणि कॉलेजांत मुलींच्या खेळांना हळूहळू जागा झाली. १९९६च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदाच आला. चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात रिचर्डसनने दोन धावांचा होमरन मारला. चेंडू मैदानाची हद्द दाखवणाऱ्या खांबाच्या आतून गेला (म्हणजे वैध) की बाहेरून, यावर चिनी संघाने बराच वाद घातला, खेळ थांबला, पण निर्णय बदलला नाही. अमेरिका ३-१ अशी जिंकली. सुवर्णपदक घेऊन ती परत रुग्णालयात गेली. अस्थिशल्यचिकित्सेचं प्रशिक्षण अर्धवट होतं.

सगळ्यांना असं दुसरं मैदान मिळालं नाही. १९७२ मध्ये न्यू जर्सीच्या होबोकेन शहरात बारा वर्षांची मारिया पेपे लिटल लीगचे तीन सामने खेळली आणि लिटल लीगच्या मुख्यालयातून धमकी आली: हिला काढा, नाहीतर मान्यता जाईल. ‘नाऊ’ या महिला संघटनेने तिची बाजू लढवली. १९७३ मध्ये निकाल मुलींच्या बाजूने लागला, दुसऱ्या वर्षी बंदी उठली. त्याच वर्षी लिटल लीगने मुलींसाठी वेगळा सॉफ्टबॉलही सुरू केला. दार उघडलं खरं, पण मुलींना शेजारच्या दाराकडे वळवण्याची सोयही झाली.

मारिया तोवर चौदा वर्षांची झाली होती. लिटल लीगची वयोमर्यादा होती बारा.