मोठ्या नदीतलं इलेक्ट्रोफिशिंग

बोटीवरून पाण्यात करंट सोडायचा, आसपासचे मासे थोडा वेळ बधिर झाले की जाळीने उचलायचे, ओळखून, मोजून परत सोडून द्यायचे, याला इलेक्ट्रोफिशिंग म्हणतात. शॉक देऊन चोरून मासे मारणारे असतात ते वेगळे, इथे मासा जिवंत परत गेला तरच काम नीट झालं.

ओढ्यात हेच काम पाठीवर बॅटरीचं मशीन अडकवून चालत करतात, पण मोठ्या नदीत पाय टेकत नाहीत त्यामुळे सगळा संसार बोटीवर. जनरेटर, कंट्रोल बॉक्स, बोटीच्या पुढे निघालेले दोन लांब दांडे आणि त्यांना पाण्यात लोंबणाऱ्या स्टीलच्या वायरी, हा झाला अ‍ॅनोड म्हणजे धन टोक, आणि बोट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर बहुतेक वेळा बोटच कॅथोड म्हणजे ऋण टोक. पुढच्या कठड्याला टेकून दोघं जण रबरी हातमोजे घालून लांब दांड्याची जाळी धरून उभे असतात, पायाखाली पेडल, पाय उचलला की करंट बंद. तोल जाऊन कुणी पाण्यात पडलं तर हे पेडलच जीव वाचवतं, म्हणून त्यावर एखादी जड वस्तू ठेवून मोकळं होणं म्हणजे मूर्खपणा.

करंट सहसा तुकड्यातुकड्याने येणारा डीसी म्हणजे पल्स्ड डीसी असतो, सेकंदाला ६० पल्स नेहमीचे. अशा करंटमध्ये मासा अ‍ॅनोडकडे ओढला जातो, जवळ आला की आडवा होऊन पांढरं पोट दाखवतो, आणि उचलायला तेवढेच दोन-तीन सेकंद मिळतात. एसीने मासा जागीच आखडतो आणि मणक्याला इजा व्हायची भीती जास्त. ब्लू आणि फ्लॅटहेड कॅटफिश या अमेरिकेतल्या मोठ्या माशांसाठी मात्र १५ पल्स लावतात, ते मासे बोटीपासून बरेच लांब भसकन वर येतात म्हणून मागे पळायला दुसरी बोट लागते.

सगळा खेळ पाण्याच्या कंडक्टिव्हिटीवर, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते त्यावर. फार कमी असेल तर करंट पसरत नाही, फार जास्त असेल तर माशाला सोडून पाण्यातूनच निघून जातो आणि जनरेटर दमतो. म्हणून सुरू करायच्या आधी कंडक्टिव्हिटी आणि तापमान मोजून पॉवर ठरवतात. आणि मोठ्या माशाला झटका जास्त बसतो, कारण डोकं ते शेपूट अंतर जास्त म्हणून व्होल्टेजचा फरकही जास्त.

खरी अडचण खोलीची आहे, दोन-तीन मीटरच्या खाली करंटचा फारसा उपयोग नाही. म्हणजे मधल्या प्रवाहातले आणि तळाचे मासे जवळपास सुटतातच, आपण नदी मोजतोय म्हणतो पण मोजतो काठ. युरोपातल्या डॅन्यूबसारख्या नदीत तळासाठी करंट लावलेली फ्रेम ओढून बघतात. रात्री बरेच मासे काठाला येतात म्हणून अमेरिकेत ओहायो नदीवर ५०० मीटरचा पट्टा अंधारात, लाइट लावून करतात, तर वरच्या मिसिसिपीवर दिवसा, १५ मिनिटांची फेरी. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून कुठली नदी बरी असं म्हणता येत नाही, आकडा तुलनेला चालतो तो फक्त त्याच पद्धतीच्या आकड्याशी. अमेरिकेतल्याच इलिनॉय नदीवर १९५७ साली एसीने सर्वेक्षण सुरू झालं आणि पुढे डीसी चांगला हे माहीत असूनही कित्येक दशकं एसीच चालू ठेवला, नाहीतर जुनी सगळी मालिका वाया. तिथे आता सिल्व्हर कार्प इतके झालेत की बोट आली की थव्याने उड्या मारतात, काही थेट बोटीत पडतात, आणि उडी मारून बोटीत पडलेला मासा जाळीत आलेला म्हणून मोजायचा का हा नियम आधीच ठरवून ठेवलेला बरा.

आकड्यांचं पुढे काय, तर तासाला किंवा किलोमीटरला किती मासे हे काढतात, आणि अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या आयबीआय या, माशांवरून नदीची तब्येत सांगणाऱ्या निर्देशांकासारख्या पद्धतीने गुण देतात. त्यात मूळचे १२ निकष, गुण १२ ते ६०, जाती किती, प्रदूषण सोसणारे किती, मासे खाणारे मासे किती, अंगावर जखमा-गाठी किती असं.

जाळीवाल्याची नजर नकळत मोठ्या माशावर जाते, म्हणून दिसेल तो उचल, निवड करू नकोस हे त्याला सारखं सांगावं लागतं. उचललेले मासे पाणी खेळत्या टाकीत जातात, लांबी-वजन होऊन परत नदीत. बोटाएवढे मासे जागेवर ओळखता आले नाहीत तर ते मात्र फॉर्मलिनच्या बाटलीत घालून लॅबला जातात.