टूना आणि सागरी परिस्थिती

टूना (कोकणात कुपा, किनाऱ्याजवळच्या लहान जातीला गेदर) आयुष्यभर पोहत राहतो. तोंड उघडे ठेवून पुढे सरकताना कल्ल्यांवरून पाणी वाहते, तेव्हाच त्याला श्वास मिळतो. स्नायूंत निर्माण होणारी उष्णताही तो बाहेर जाऊ न देता शरीरात राखतो. असे शरीर चालवायला भक्ष्य आणि ऑक्सिजन दोन्ही भरपूर लागतात. त्यामुळे टूना कोठे सापडेल हे केवळ पृष्ठभागाच्या तापमानावरून सांगता येत नाही. खालच्या थरांत काय चालले आहे ते कळणे अधिक महत्त्वाचे.

वरच्या उबदार पाण्याखाली तापमान झपाट्याने उतरते. या थराला थर्मोक्लाइन म्हणतात. टूनाच्या जातींपैकी स्किपजॅक त्याच्या वरच वावरतो. लिटरमागे साधारण ३ ते ३.५ मिलिलिटरपेक्षा कमी ऑक्सिजन त्याला सोसत नाही. यलोफिन मुख्यतः वरच्या १०० मीटरांत राहतो, मधूनमधून खोल बुडी मारतो. बिगआय मात्र दिवसा ३०० ते ५०० मीटरांवर उतरतो आणि लिटरमागे १ मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजनवरही तग धरतो.

मासेमारीचे तंत्र यावरच बेतलेले असते. पर्ससीन, म्हणजे थव्याभोवती गोल टाकून तळ आवळायचे जाळे, २०० मीटर किंवा त्याहून खोल लोंबते, पण तळ आवळेपर्यंत वेळ जातो. थर्मोक्लाइन उथळ असेल तर थवा थंड पाण्यात उतरायला कचरतो आणि जाळ्यात राहतो. ती खोल असेल तर तळ बंद होण्याआधीच खालून निसटतो. लाँगलाइनमध्ये, म्हणजे तरंगत्या बोयांना टांगलेल्या अनेक गळांच्या लांब दोरात, दोन बोयांमधले गळ वाढवले की दोर खोल जातो. यलोफिनसाठी तो उथळ, बिगआयसाठी खोल ठेवतात. येथे नेहमीची चूक म्हणजे हिशेबाने काढलेली खोली खरी मानणे: वरचा आणि खालचा प्रवाह वेगळ्या दिशांना असेल तर दोर उचलला जातो आणि गळ अपेक्षेपेक्षा बरेच वर राहतात.

अरबी समुद्रात आणखी एक अडचण आहे. साधारण १५० ते १,००० मीटरांच्या पट्ट्यात ऑक्सिजन फार कमी असतो. हे पाणी वर सरकले की यलोफिन पातळ थरात दाटतात आणि सहज हाती लागतात. अशा वेळी वाढलेल्या पकडीवरून साठा वाढला असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. मासे तेवढेच असतात, त्यांची जागा आकसलेली असते.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी मोजलेले पृष्ठभागाचे तापमान आणि प्लवकांतले (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतले) हरितद्रव्य यांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देते. तीत बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. दाट ढग असले की माहिती मिळत नाही. सूचना हाती आल्यावरही सर्वांत हिरव्या पाण्यात जाळे टाकणे बहुधा चुकते. प्लवक वाढल्यावर त्यावर जगणारी मासळी वाढायला काही आठवडे लागतात, आणि टूना नजरेने शिकार करतो. म्हणून तो अनेकदा गढूळ आणि निळ्या पाण्याच्या सीमेवर, निळ्या बाजूला सापडतो.

हवामानातले मोठे चढउतार मासेमारी नौकांचे ताफेच हलवतात. एल निन्योच्या, म्हणजे काही वर्षांनी पॅसिफिक महासागर तापण्याच्या, काळात पश्चिम पॅसिफिकमधील उष्ण पाणी हजारो किलोमीटर पूर्वेकडे पसरते आणि स्किपजॅक त्याच्या कडेबरोबर जातो. तेव्हा मध्य पॅसिफिकमधील किरिबाती या बेटांच्या देशाच्या पाण्यात पकड वाढते. १९९७-९८ मध्ये पश्चिम हिंदी महासागरात थर्मोक्लाइन खोल गेली, हरितद्रव्य घटले आणि तेथील पर्ससीन ताफ्यांना पूर्वेकडे वळावे लागले.

लक्षद्वीपच्या मिनिकॉयमध्ये स्किपजॅक गळकाठीने धरतात. जिवंत बारीक मासे पाण्यात टाकून आणि पाण्याचा फवारा मारून थवा होडीजवळ आणतात. गळाच्या टोकाला मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा नसल्याने मासा होडीत पडताच सुटतो. पावसाळ्यात खवळलेला समुद्र हे काम थांबवतो. उघडिपीच्या हंगामातही बेटालगतच्या उथळ खाजणातली आमिषाची मासळी कमी पडली, तर बाहेर थवा असूनही होड्यांना हात बांधून बसावे लागते.