हिपॅटोब्लास्टोमा

हिपॅटोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या यकृतात सर्वाधिक आढळणारा कर्करोग. बहुतेक रुग्ण तीन वर्षांच्या आतले असतात. मूल खेळत-बागडत असते आणि अंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात उजवीकडे गाठ लागते. अपुऱ्या दिवसांच्या, अगदी कमी वजनाच्या बाळांना याचा धोका जास्त असतो.

दहापैकी सुमारे नऊ मुलांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन वाढलेले असते. नवजात बाळात ते मुळातच जास्त असल्याने आकडा वयाशी ताडून पाहावा लागतो. गाठ पूर्ण निघाली की तो दर आठवड्याला जवळपास निम्मा होतो. पुन्हा चढू लागला तर आजार उलटल्याची शंका घेतात.

यकृताच्या चार भागांपैकी किती भाग गाठीपासून मोकळे आहेत, त्यावर उपचार ठरतो. युरोपीय पद्धतीत आधी सिस्प्लॅटिन या कर्करोगविरोधी औषधाने गाठ आकसवतात, मग शस्त्रक्रिया. सर्वसाधारण (स्टँडर्ड) जोखमीच्या मुलांवरील चाचणीत (२००९) नुसते सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ९५ टक्के तीन वर्षांनी हयात होते, तर हृदयाला अपाय करू शकणारे डॉक्सोरुबिसिन जोडीला घेतलेल्यांपैकी ९३ टक्के. म्हणजे या गटात दुसऱ्या औषधाची गरजच नव्हती. औषध कमी करूनही मूल वाचते, हे सिद्ध होणे फार मोलाचे. चारही भाग व्यापले असतील आणि गाठ कापून काढता येत नसेल, तर यकृत प्रत्यारोपण करतात. त्यासाठी अनेकदा आई किंवा वडील आपल्या यकृताचा डावीकडचा तुकडा देतात.

हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा हा मोठ्या मुलांतला यकृताचा कर्करोग मात्र औषधांना फारशी दाद देत नाही. तिथे भिस्त शस्त्रक्रियेवर आणि प्रतिबंधावर: तैवानने १९८४ मध्ये हिपॅटायटिस बीचे सार्वत्रिक लसीकरण सुरू केल्यावर मुलांमधील त्याचे प्रमाण लक्षणीय घटले.

सिस्प्लॅटिनची मोठी किंमत कान मोजतात. आधी उंच पट्टीचे ध्वनी हरपतात, त्यामुळे स, श, फ नीट ऐकू येत नाहीत, तेही बोलायला शिकण्याच्या वयात. यकृतापुरत्या मर्यादित आजाराच्या मुलांवरील २०१८ च्या चाचणीत प्रत्येक डोसनंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिले. श्रवणदोषाचे प्रमाण ६३ वरून ३३ टक्क्यांवर आले आणि जगण्याच्या शक्यतेत घट दिसली नाही. श्रवणऱ्हास नंतरही वाढू शकतो, म्हणून उपचार संपल्यावरही काही वर्षे कानांची तपासणी करत राहावी लागते.