व्हिडिओ गेममधील श्रेयनामावली

व्हिडिओ गेम पूर्ण झाल्यावर तो घडवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकत जातात, त्या यादीला श्रेयनामावली म्हणतात. खेळणारी मुलं नुसतं ‘क्रेडिट’ म्हणतात. प्रोग्रॅमर, चित्रकार, ॲनिमेटर, संगीतकार, आवाज देणारे नट, चुका हुडकणारे टेस्टर, भाषांतरकार आणि प्रकाशक कंपनीतली माणसं तिच्यात असतात. मोठ्या गेममध्ये ही नावं हजारांच्या घरात जातात. बहुतेक जण ती सुरू होताच पुढे पळवायचं बटण शोधतात. तरीही काही गेमची श्रेयनामावली लोक शेवटपर्यंत पाहतात, ती पुन्हा बघायला मिळावी म्हणून शेवटचा बॉस, म्हणजे सर्वांत बलाढ्य शत्रू, परत मारतात. ती कशाने रंगते, एवढाच या नोंदीचा विषय आहे. तिची सगळी रंगत एका गोष्टीवर ठरते: खेळाडू इथवर कसा आला, हे तिला ठाऊक आहे का? ज्या यादीला ते ठाऊक असतं ती बघवते. बाकीच्या याद्या कितीही बिनचूक असल्या तरी नोटीस बोर्डावरच राहतात.

नाटक घडवणाऱ्यांची नावं ऐकत बसायची सवय आमच्या सांगलीला जुनी आहे. १८४३ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, आणि गावाला नाट्यपंढरी हे नाव मिळालं. भाव्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात आजही तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि पडदा उघडण्याआधी ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते: लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संस्थेचं नाटक असेल आणि ‘प्रकाशयोजना’च्या पुढे ओळखीच्या पोराचं नाव आलं, तर मागच्या रांगेतून टाळी पडते. तो प्रकाश अजून कुणी पाहिलेला नसतो. टाळी माणसाला असते.

गेममध्ये हा क्रम उलटा असतो. नेपथ्य करणाऱ्याचं नाव येतं तेव्हा खेळाडू त्या नेपथ्यात वीस-तीस तास हिंडून आलेला असतो. कुठल्या भिंतीमागे औषधाची बाटली आहे, कुठल्या पुलावर आपण दहा वेळा मेलो, हे त्याच्या बोटांना पाठ असतं. त्यामुळे ‘लेव्हल डिझाइन’ (खेळातल्या जागांची रचना) या शब्दांपुढचं अनोळखी जपानी किंवा पोलिश नाव त्याला परकं वाटू नये, अशी सोय आयती झालेली असते. चांगली श्रेयनामावली या सोयीचा उपयोग करते. वाईट श्रेयनामावली काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं सोडून मोकळी होते.

सुरुवातीच्या काळात नावंच नसत. १९७० च्या दशकात अटारी कंपनी आपल्या प्रोग्रॅमरांची नावं छापत नसे. वॉरन रॉबिनेट या तरुणाने ‘ॲडव्हेंचर’ हा गेम एकट्याने लिहिला आणि त्यात एक गुप्त खोली ठेवली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, एका ठिपक्याएवढा तुकडा शोधून योग्य जागी नेला तरच ती उघडे, आणि आत लिहिलेलं दिसे, की हा गेम वॉरन रॉबिनेटने केला आहे. १९८० मध्ये गेम बाजारात आला. खोली खेळाडूंना सापडेपर्यंत रॉबिनेट कंपनी सोडून गेला होता. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या काही प्रोग्रॅमरांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन काढली आणि गेम करणाऱ्याचं नाव उघडपणे द्यायला सुरुवात केली. जपानमध्ये वेगळीच अडचण होती. चांगली माणसं दुसरी कंपनी पळवून नेईल या भीतीने तिथे टोपणनावं लावत. १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्ये प्रोग्रॅमर युजी नाका यांचं नाव ‘यू-टू’ असं येतं. म्हणजे आज जी यादी आपण कंटाळून पुढे पळवतो, तिच्यात खरं नाव लागावं म्हणून लोकांना भिंतीत खोल्या लपवाव्या लागल्या आहेत. ही यादी आदराने पाहायला तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

सांगली-मिरजेत ज्यांचं बालपण १९९० च्या दशकात गेलं, त्यांची ओळख टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेमशी झाली. त्यात पिवळी-काळी कॅसेट बसवायची, आणि तिच्यावर हजारो गेमचा आकडा छापलेला असला तरी आत तेच पंचवीस-तीस फिरून फिरून येत. त्यातला सगळ्यांचा लाडका ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. तो पूर्ण केला तर राजकन्या आभार मानते, नवी मोहीम देऊ करते आणि गेम संपतो. करणाऱ्यांचं एकही नाव येत नाही. ‘कॉन्ट्रा’चं तसं नव्हतं. शेवटचा राक्षस मेला की हेलिकॉप्टर बेटावरून उडतं, मागे बेटाचा स्फोट होतो आणि मग नावं येतात. पण तिथवर पोचणारी मुलं थोडी. गेम मध्येच साठवून ठेवायची सोय नव्हती, एका बैठकीत सगळा पार करावा लागे, आणि लाईट गेली की पहिल्यापासून सुरुवात. वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, मग बी आणि ए ही बटणं, ही तीस जीव देणारी किल्ली ज्याला ठाऊक होती त्याच्या घरी सुट्टीत गर्दी असे. त्या पडद्यावरची नावं कुणी वाचली नसतील, पण ती दिसणं हीच जिंकल्याची खूण होती. श्रेयनामावलीच्या गोडीचा पहिला थर हा आहे: ती कमवावी लागते.

दुसरा थर आठवणीचा, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘सॉनिक’च्या शेवटी नावांच्या मधेमधे आपण पार केलेल्या प्रदेशांचे तुकडे दिसतात, आणि प्रत्येक प्रदेशाची चाल एकमेकीत गुंफून वाजते. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये तर शत्रूंचीच ओळख करून दिली जाते. आतापर्यंत ज्यांच्या डोक्यावर उड्या मारल्या ते एकेक करून पुढे येतात आणि खाली त्यांची नावं लागतात. १९९४ च्या ‘फायनल फँटसी सिक्स’मध्ये मोठ्या परिवारातल्या प्रत्येक पात्राला शेवटी आपापला छोटा प्रसंग आणि आपापली धून मिळते.

या जातीचा सर्वांत सुंदर नमुना जपानमध्ये १९९४ ला ‘मदर टू’ आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत ‘अर्थबाउंड’ म्हणून आलेल्या गेमचा. यात चार मुलं गावोगाव हिंडतात. वाटेत काही ठिकाणी अचानक आकाशातून एक फोटोग्राफर गिरक्या घेत उतरतो, मुलांना उभं करतो, फोटो काढतो आणि परत वर निघून जातो. खेळताना हा प्रकार निव्वळ गंमत वाटतो, कधी कधी त्रासही वाटतो, कारण घाईच्या वेळी तो येतो. तीस तासांनी गेम संपतो, नावं सरकू लागतात आणि शेजारी ते फोटो एकामागून एक लागतात. ज्या जागी आपण गेलो त्याच जागांचे. जी जागा हुकली तिचा फोटो नसतो. त्यामुळे दोन खेळाडूंची श्रेयनामावली तंतोतंत सारखी असेलच असं नाही. यात नव्याने काढलेलं चित्र जवळजवळ नाही, मोठा खर्च नाही. गेम सुरू झाल्यापासून शेवटाची तयारी चालली होती, एवढंच.

संगीताबद्दल फार सांगायला नको. चांगली चाल असेल तर माणूस बसून राहतो. मात्र ‘पोर्टल’ या व्हॉल्व्ह कंपनीच्या २००७ च्या गेमकडे दुर्लक्ष करता येत नाही. संपूर्ण गेमभर ग्लॅडॉस नावाचं यंत्र खेळाडूला फसवतं आणि छळतं. शेवटी ते उद्ध्वस्त होतं, आणि जुन्या संगणकासारखा पिवळट अक्षरांचा पडदा उघडतो. डावीकडे शब्द टंकले जाऊ लागतात, ग्लॅडॉस गाऊ लागते. गाणं जॉनथन कोल्टनचं, आवाज एलेन मॅक्लेनचा. उजवीकडे वरच्या चौकटीत नावं सरकतात, खाली अक्षरांनीच काढलेली चित्रं बदलतात. इथे श्रेयनामावली हाच कथेचा शेवटचा प्रवेश आहे. ती वगळली तर खलनायिकेचं शेवटचं म्हणणं ऐकायचं राहून जातं. याआधी आणि नंतर अनेकांनी शेवटी गाणी घातली, पण पात्राला बोलण्यासाठी काही शिल्लक नसेल तर नुसतं गाणं हे काम करू शकत नाही.

मग येतात खेळाडूच्या हातात नियंत्रण ठेवणाऱ्या श्रेयनामावल्या. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये सरकत्या नावांवर नेम धरायचा असतो. ‘व्हँक्विश’मध्ये अंतराळातून येणाऱ्या दगडांवर करणाऱ्यांचे चेहरे असतात आणि ते फोडायचे असतात. २००४ च्या ‘कातामारी दामासी’त वस्तू चिकटवत जाणारा गोळा शेवटी पृथ्वीवर फिरवायला मिळतो आणि एकेक देश त्याला चिकटत जातो. ‘फ्लॉवर’मध्ये फुलांना वाऱ्याने स्पर्श केला की नाव उमलतं. ‘अंडरटेल’मध्ये ज्यांनी वर्गणी देऊन गेम उभा केला त्यांची नावं चारी बाजूंनी येतात आणि ती चुकवायची असतात. एकालाही धक्का न लागू देता सगळी चुकवली तर एक बंद दार उघडतं. नावं वाचायला लावायचा हा फार हुशार मार्ग आहे, कारण जे चुकवायचं ते आधी नीट बघावं लागतं. उलट नेमबाजीत एक खोट राहतेच: डोळे निशाण्यावर, नावावर नाहीत. खेळ आणि वाचन यांचा तोल फार थोड्यांना साधला आहे.

२०१७ च्या ‘नीअर: ऑटोमाटा’ने तो प्रश्नच वेगळ्या जागी नेला. या गेमला अनेक शेवट आहेत; त्यातल्या शेवटच्यात नावं खेळाडूच्या छोट्या विमानावर गोळ्या झाडतात. सुरुवातीला सोपं वाटतं, मग गोळ्यांची इतकी दाटी होते की एकट्याने निभावणं जवळपास अशक्य. मेलात की गेम विचारतो, हार मानता का? नाही म्हणत राहिलं की पडद्यावर जगभरातल्या इतर खेळाडूंनी लिहिलेले धीराचे शब्द दिसू लागतात. आणखी मेलात की मदत देऊ केली जाते. ती स्वीकारली की भोवती आणखी विमानं गोळा होतात, संगीतात समूहस्वर मिसळतो. एकेक विमान आपल्यासाठी गोळी झेलून नाहीसं होतं आणि कुणाची तरी साठवण, म्हणजे गेममध्ये साठवलेली सगळी प्रगती, पुसली गेल्याची ओळ दिसते. पार झाल्यावर प्रश्न येतो: अनोळखी माणसाला अशीच मदत करायची असेल तर तुमची सगळी साठवण कायमची पुसावी लागेल, चालेल? दिग्दर्शक योको तारो यांनी इथे करणारे आणि खेळणारे एकाच पडद्यावर आणले, आणि यादीत नसलेल्या खेळाडूलाही नाव दिलं. या प्रकारात याच्या पुढे कुणी गेलेलं मला माहीत नाही.

थट्टाही चालते. १९९४ च्या ‘डाँकी काँग कंट्री’त शेवटचा मगरराजा आडवा पडतो आणि नावं सुरू होतात. नावं मगरींची आहेत हे लक्षात येईपर्यंत राजा उठून पुन्हा अंगावर येतो. ज्याने हातातला रिमोट खाली ठेवला त्याचा जीव गेला.

रंगाचा बेरंग होण्याची कारणं मात्र नेहमीचीच. टीव्हीसाठी बसवलेली अक्षरं मोबाइलवर मुंगीएवढी होतात. वेग एक तर गोगलगायीचा, नाही तर डोळ्यांत न मावणारा. काही गेम पुढे पळवूच देत नाहीत, आणि सक्ती झाली की आदर संपतो. बटण दाबून धरलं की वेग वाढावा, सोडलं की पूर्ववत व्हावा, ही सोय सर्वांत शहाणी. एकच नाव वारंवार पुढे करणंही खटकतं. २०१५ च्या ‘मेटल गिअर सॉलिड फाइव्ह’मध्ये प्रत्येक मोहिमेला स्वतंत्र श्रेय लागतं आणि हिदेओ कोजिमा हे नाव इतक्यांदा येतं, की बाकीच्यांकडे लक्ष जात नाही. त्या मानाने काम चालू असताना कर्मचाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या बाळांची यादी शेवटी देण्याची प्रथा साधी आणि मनाला भिडणारी आहे.

सांगलीत विश्रामबागेतल्या हॉस्टेलवर एका लॅपटॉपभोवती चौघं-पाच जण बसून गेमचा शेवट बघतात तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. बॉस मेला की आरडाओरडा होतो, आणि नावं सुरू होताच बघे उठतात, कुणी मेसकडे जातो, कुणी चार्जर काढतो. खेळणारा तेवढा बसून राहतो. चित्रपटाच्या शेवटी सगळं थिएटर एकदम उठतं, इथे प्रेक्षक आणि खेळाडू वेगळे पडतात.

नावं कुणाची लागतात हा प्रश्न अजून मिटलेला नाही. मध्येच नोकरी सोडलेल्यांची नावं गाळण्याची रीत अनेक कंपन्यांत आहे. बाहेरून काम करून देणाऱ्या स्टुडिओतल्या चित्रकारांच्या वाट्याला पुष्कळदा फक्त स्टुडिओचं नाव येतं. कुणाला श्रेय द्यावं याचे नियम गेम घडवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लिहिले आहेत, पण ते पाळणं कंपनीच्या मर्जीवर आहे. भारतात असं बाहेरचं काम खूप होतं, म्हणून इथे हा प्रश्न घरचा आहे. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, आणि २०२० चा ‘राजी’ हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केला. सांगली-साताऱ्याकडची शिकलेली मुलं नोकरीला पुण्याच्याच गाडीत बसतात. घरच्यांना तो गेम खेळता येत नाही, खेळायचाही नसतो. त्यांना यादीतली एक ओळ बघायची असते. त्यासाठी मुख्य मेनूत श्रेयनामावली वेगळी उघडता यावी, ती थांबवता यावी, आणि नावं विभागवार व गाववार लावलेली असावीत.